कंपनी कुठे नोंदवायची? नवउद्योगांना सहा राज्यांत सरकारी मदत कशी मिळते

बेळगावच्या उद्यमबागेत पंपाचे सुटे भाग बनवणारा वर्कशॉपवाला, बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत काम करणारी इंजिनिअर मुलगी आणि इंदूरमध्ये अॅप बनवणारे दोन मित्र घरी मराठीच बोलतात. एखादी नवी कल्पना घेऊन ते सरकारच्या दारात गेले, तर तिघांना भेटणारं दार मात्र वेगवेगळं असतं. एका राज्यात थेट अनुदान मिळतं, दुसऱ्यात आधी खर्च करून बिलं जोडावी लागतात, तर तिसऱ्यात पैशापेक्षा जागा, यंत्रं आणि ओळखीपाळखी मिळतात.

सीमाभागात सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा : ‘आम्ही मराठी, मग महाराष्ट्राची योजना आम्हाला मिळेल का?’ थोडक्यात उत्तर असं की उद्योगाच्या योजनांमध्ये भाषा हा निकष नसतो. कंपनी कोणत्या राज्यात नोंदवली आहे आणि काम कुठे चालतं, हे पाहिलं जातं. काही योजनांमध्ये अर्जदाराचं वास्तव्यही तपासलं जातं. त्यामुळे नोंदणीच्या वेळी घाईत लिहिलेला पत्ता पुढे बरीच वर्षं पाठ सोडत नाही. कोणत्या राज्यात काय व्यवस्था आहे, ते खाली क्रमाने दिलं आहे.

आधी केंद्राचं : हे सगळीकडे सारखं

‘स्टार्टअप इंडिया’ हा केंद्राचा कार्यक्रम १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाला. त्यात उद्योग संवर्धन विभाग, म्हणजे डीपीआयआयटी, स्टार्टअपला मान्यता देतो. खाजगी मर्यादित कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी संस्था या मान्यतेसाठी अर्ज करू शकते. २०१९ च्या व्याख्येत वयाची मर्यादा १० वर्षं आणि उलाढालीची मर्यादा १०० कोटी रुपये ठेवली होती. काम नावीन्याचं हवं, म्हणजे नवं उत्पादन, नवी प्रक्रिया किंवा असलेल्या गोष्टीत ठळक सुधारणा. जुना धंदा मोडून किंवा त्याचे तुकडे करून उभी केलेली कंपनी यात बसत नाही.

सीमाभागातल्या बऱ्याच छोट्या कारखानदारांची अडचण इथूनच सुरू होते. त्यांचा धंदा एकट्या मालकाच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरशिप स्वरूपाचा असतो. कल्पना कितीही चांगली असली तरी त्या स्वरूपात स्टार्टअपची मान्यता मिळत नाही. उद्यम नोंदणी आणि लघुउद्योगांच्या योजना मात्र त्यांनाही खुल्या असतात.

मान्यतेचे फायदे असे आहेत. पेटंटच्या सरकारी शुल्कात ८० टक्के आणि ट्रेडमार्कच्या शुल्कात ५० टक्के सवलत मिळते. आयकर कायद्यातल्या ८०-आयएसी कलमाखाली पहिल्या १० वर्षांपैकी सलग तीन वर्षांच्या नफ्यावर करमाफी मिळू शकते. पण तिला वेगळ्या मंडळाची मंजुरी लागते आणि ती फक्त कंपनी व एलएलपीसाठी आहे, भागीदारी संस्थेसाठी नाही.

बियाण्याच्या भांडवलासाठी २०२१ मध्ये ९४५ कोटींची ‘सीड फंड’ योजना आली. त्यात नमुना तयार करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्जरूपाने किंवा परिवर्तनीय रोख्यांच्या रूपाने मदत ठेवली होती. अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी, अशी अट होती. हा पैसा दिल्लीहून थेट येत नाही. मंजूर इन्क्युबेशन सेंटर तो वाटतं, म्हणून चांगलं सेंटर किती जवळ आहे याला महत्त्व येतं. योजना चार वर्षांसाठी आखलेली होती, तेव्हा अर्जाआधी चालू टप्पा पाहून घ्यावा.

स्टार्टअपच्या व्याख्येत न बसणाऱ्यांसाठी तीन योजना कायम लक्षात ठेवाव्यात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं. अन्नप्रक्रियेच्या सूक्ष्म उद्योगांच्या योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये मिळतात. तिसरी ‘एमएसएमई इनोव्हेटिव्ह’. तीत मान्यताप्राप्त यजमान संस्थेमार्फत एका कल्पनेला १५ लाखांपर्यंत मदत होऊ शकते. या तिन्ही केंद्राच्या असल्यामुळे बेळगाव, बिदर, पणजी, बडोदा, ग्वाल्हेर सगळीकडे लागू आहेत.

महाराष्ट्र : स्वतंत्र सोसायटी आणि जुनं जिल्हा उद्योग केंद्र

महाराष्ट्रात दोन समांतर यंत्रणा आहेत. एक जुनी, जिल्हा उद्योग केंद्रांची. १९७८ मध्ये देशभर सुरू झालेली ही केंद्रं कर्जप्रकरणं, अनुदानाचे प्रस्ताव आणि परवाने बघतात. २०१९ पासूनचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही त्यांच्यामार्फत चालतो. जोडीला छत्रपती संभाजीनगरला मुख्यालय असलेलं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आहे. ते मराठीतून प्रशिक्षण देतं.

दुसरी यंत्रणा म्हणजे महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटी. ही कौशल्य विकास विभागाखाली येते आणि २०१८ च्या स्टार्टअप धोरणानंतर तिच्या कामाने वेग घेतला. तिच्या दोन गोष्टी दखल घेण्यासारख्या आहेत. पहिली पेटंटखर्चाची परतफेड : भारतीय पेटंटसाठी कमाल २ लाख आणि परदेशी पेटंटसाठी कमाल १० लाख, खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत. दुसरी ‘स्टार्टअप वीक’. त्यात निवडलेल्या स्टार्टअपना बक्षीस म्हणून चेक देत नाहीत, तर सरकारी खात्यात आपलं उत्पादन वापरून दाखवण्यासाठी १५ लाखांपर्यंतचा कार्यादेश देतात. नव्या कंपनीला अनुदानापेक्षा पहिलं गिऱ्हाईक जास्त उपयोगी पडतं, आणि ते गिऱ्हाईक सरकार असेल तर पुढच्या निविदांमध्ये अनुभव म्हणून दाखवता येतं.

२०२५ मध्ये राज्याने नवं स्टार्टअप, उद्योजकता व नावीन्यता धोरण मंजूर केलं असून त्यात ५०० कोटींच्या महाफंडाची घोषणा आहे.

महाराष्ट्राची कमजोर बाजू म्हणजे मुंबई-पुण्याचा भार. स्टार्टअप यात्रेसारख्या उपक्रमांतून तालुक्यापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न झाला. पण चंदगड किंवा गडहिंग्लजच्या मुलाला मार्गदर्शक, गुंतवणूकदार आणि चाचणीची सोय अजूनही कोल्हापूर-पुण्यातच शोधावी लागते.

कर्नाटक : थेट अनुदान, आणि बंगळुरूबाहेर जाण्याचा प्रयत्न

स्टार्टअपसाठी स्वतंत्र धोरण आणणाऱ्या पहिल्या राज्यांत कर्नाटक येतं. पहिलं धोरण २०१५ चं होतं. २०२५ मध्ये मंजूर झालेलं धोरण २०३० पर्यंतचं असून त्यात ५१८ कोटींची तरतूद आहे. त्याचं लक्ष्य २५ हजार नवे स्टार्टअप, आणि त्यातले १० हजार बंगळुरूबाहेर, असं आहे. इथे उद्योग खात्यापेक्षा माहिती तंत्रज्ञान व जैवतंत्रज्ञान खातं पुढे आहे आणि कामकाज कर्नाटक इनोव्हेशन अँड टेक्नॉलॉजी सोसायटीमार्फत चालतं.

कर्नाटकाचा मुख्य कार्यक्रम ‘एलिव्हेट’ २०१७ पासून चालू आहे. अर्ज करायचा, परीक्षकांपुढे सादरीकरण करायचं, आणि निवड झाली तर ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. कंपनीतला हिस्सा सरकार मागत नाही. पैसा टप्प्याटप्प्याने, काम दाखवल्यावर येतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कल्याण कर्नाटक यांच्यासाठी वेगळ्या फेऱ्या घेण्यात आल्या आहेत. बिदर, भालकी, औराद या भागातल्या मराठी भाषकांनी याची नोंद घ्यावी, कारण हे तालुके कल्याण कर्नाटकात मोडतात. बेळगाव, खानापूर, निपाणी मोडत नाहीत.

बेळगावसाठी महत्त्वाची आहे ती ‘बियाँड बंगळुरू’ मोहीम. कर्नाटक डिजिटल इकॉनॉमी मिशन ही सरकार आणि उद्योगसंघटनांच्या भागीदारीतली संस्था ती चालवते, आणि त्यात हुबळी-धारवाड-बेळगाव हा एक समूह धरला आहे. प्रत्यक्षात या समूहाचं वजन हुबळी-धारवाडकडे झुकलेलं दिसतं. हुबळीला देशपांडे स्टार्टअप्सचं मोठं केंद्र आहे, तर उद्योजकता विकास केंद्राचं, म्हणजे सेडॉकचं, मुख्यालय धारवाडला. बेळगावकडे व्हीटीयूचं मुख्यालय, फाउंड्री उद्योगाची अनेक पिढ्यांची कारागिरी आणि हत्तरगीचा विमानांच्या सुट्या भागांचा एसईझेड आहे. म्हणजे हातात हुन्नर आहे. कमी पडतो तो प्रयोग करून बघण्याचा पैसा आणि सल्ला.

भाषेचं काय? स्टार्टअपचे अर्ज आणि सादरीकरण सहसा इंग्रजीत होतं, त्यामुळे तिथे मराठी माणसाचं अडत नाही. अडतं ते खालच्या पायरीवर. जमिनीचा उतारा, पंचायतीचा दाखला, तालुक्याच्या कार्यालयातला पत्रव्यवहार कन्नडमध्ये असतो. कागद वाचून देणारा जाणकार माणूस आधीच गाठून ठेवलेला बरा.

गोवा : छोटं राज्य, जवळचं दार, परतफेडीची पद्धत

गोव्यात पहिलं स्टार्टअप धोरण २०१७ मध्ये आलं आणि नंतर ते सुधारलं गेलं. माहिती तंत्रज्ञान खात्याखालचा स्टार्टअप व आयटी प्रोत्साहन कक्ष हे एकच दार आहे. आधी कक्षाकडून प्रमाणित व्हायचं, मग वेगवेगळ्या योजनांखाली अर्ज करायचे. भाडं, पगार, पेटंट अशा खर्चांची परतफेड हा इथल्या मदतीचा मुख्य साचा आहे. गोमंतकीयांना नोकरी देण्यावर भर असतो.

स्वतःचा छोटा धंदा काढणाऱ्यांसाठी जुनी वाट म्हणजे आर्थिक विकास महामंडळाची, म्हणजे ईडीसीची, मुख्यमंत्री रोजगार योजना. तिला गोव्यातल्या दीर्घ वास्तव्याची अट लागते. काल दोडामार्गाहून किंवा खानापूरहून जाऊन पणजीत खोली घेतलेल्या माणसाला ती मिळत नाही.

इन्क्युबेशनसाठी वेर्ण्याचं सिबा, फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को इंजिनिअरिंग कॉलेजमधलं ‘फायर’ आणि साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधलं अटल इन्क्युबेशन सेंटर ही नावं माहीत असावीत. राज्य लहान असल्यामुळे अधिकारी भेटतो, फाइल कुठे आहे ते कळतं. पण बाजारही तितकाच लहान आहे, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेकदा बाहेरच शोधावं लागतं. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा असली तरी मराठीचा शासकीय वापर मान्य आहे, ही इथल्या मराठी अर्जदाराची जमेची बाजू.

गुजरात : कॉलेजमधून सुरुवात

केंद्राने २०१८ मध्ये राज्यांची पहिली स्टार्टअप क्रमवारी काढली, तेव्हा सर्वोत्तम कामगिरीचा मान गुजरातला मिळाला. त्यामागे एक साधी रचना आहे. राज्याने विद्यापीठं, इन्क्युबेटर आणि संशोधन संस्था यांना नोडल संस्था म्हणून नेमलं. अर्जदार आधी या संस्थेकडे जातो. संस्था कल्पना तपासते, शिफारस करते आणि पुढे मार्गदर्शनाची जबाबदारीही घेते. सचिवालयाच्या खेपा घालाव्या लागत नाहीत.

२०२० च्या औद्योगिक धोरणात बियाण्याच्या भांडवलाची मर्यादा ३० लाख झाली. त्याचबरोबर दरमहा २० हजारांचा निर्वाह भत्ता वर्षभरासाठी ठेवला गेला, महिलांना थोडा जास्त. मध्यमवर्गीय मराठी घरात हा भत्ता फार मोलाचा. ‘नोकरी सोडून वर्षभर खाणार काय?’ या आईवडिलांच्या प्रश्नाला त्यात थोडं तरी उत्तर असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे २०१७ ची विद्यार्थी स्टार्टअप योजना, एसएसआयपी. २०२२ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि शाळाही तिच्या कक्षेत आल्या. पैसा कॉलेजकडे येतो आणि कॉलेज विद्यार्थ्याला नमुन्यासाठी दोन-अडीच लाखांपर्यंत देऊ शकतं. बडोद्यातल्या मराठी कुटुंबातल्या मुलांनी आपल्या कॉलेजच्या एसएसआयपी समन्वयकाला पहिल्या वर्षीच भेटावं. अहमदाबादजवळचं आयक्रिएट आणि शहरातलं आय-हब ही पुढची पायरी.

तेलंगणा : अनुदान कमी, वास्तू आणि यंत्रं जास्त

हैदराबादचा मार्ग वेगळा आहे. राज्याने मोठ्या सामाईक संस्था उभ्या केल्या. टी-हब नोव्हेंबर २०१५ मध्ये ट्रिपल आयटीच्या आवारात सुरू झालं आणि जून २०२२ मध्ये स्वतःच्या प्रचंड इमारतीत गेलं. ट्रिपल आयटी, आयएसबी आणि नालसार या संस्था त्यात भागीदार आहेत. महिला उद्योजकांसाठी वी-हब ८ मार्च २०१८ रोजी सुरू झालं. टी-वर्क्स ही नमुने बनवण्याची कार्यशाळा २०२३ मध्ये खुली झाली. थ्रीडी प्रिंटिंगपासून धातुकामापर्यंतची यंत्रं तिथे शुल्क भरून वापरता येतात. यंत्र विकत घ्यायची ऐपत नसलेल्या माणसाला ही सोय अनुदानाइतकीच कामाची.

परवान्यांसाठी २०१४ चा टीएस-आयपास कायदा आहे. त्यात मोठ्या प्रकल्पांना १५ दिवसांत आणि इतरांना ३० दिवसांत मंजुरी देण्याचं बंधन घातलं आहे. गावपातळीवरच्या कल्पक माणसांसाठी ‘इंटिंटा इनोव्हेटर’ हा उपक्रम असतो. तेलुगूत त्याचा अर्थ घरोघरी संशोधक. त्यात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या लोकांचे जुगाड आणि शोध स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास मांडले जातात.

मध्य प्रदेश : खर्चाची यादी आणि टक्केवारी

मध्य प्रदेशाचं २०२२ चं स्टार्टअप धोरण १३ मे रोजी इंदूरमध्ये जाहीर झालं आणि २०२५ मध्ये नवं धोरण आलं. काम एमएसएमई खात्याखालचं भोपाळचं स्टार्टअप केंद्र बघतं. २०२२ च्या धोरणाची पद्धत हिशेबी होती. भाड्याचा निम्मा भाग, दरमहा कमाल ५ हजार, तीन वर्षं. पेटंटसाठी कमाल ५ लाख. मान्यताप्राप्त गुंतवणूकदाराकडून पैसा उभा केला, तर त्याच्या १५ टक्के, कमाल १५ लाखांची भर. उत्पादन बनवणाऱ्यांना कर्मचाऱ्यामागेही मदत होती.

यात एक मेख आहे. गुंतवणूक आणू शकणाऱ्यालाच मोठी मदत मिळते. इंदूरच्या मुलाला हे जमून जातं, ग्वाल्हेरच्याला तितकं सोपं नाही. ग्वाल्हेरमध्ये स्मार्ट सिटीचं ‘ड्रीम हॅचर’ हे इन्क्युबेशन केंद्र ही दरी थोडी भरून काढतं. कागदपत्रं हिंदीत असल्याने तिथल्या मराठी माणसाला भाषेची अडचण येत नाही.

फरक कुठे पडतो : पैसा आधी की नंतर

सहा राज्यांची माहिती शेजारी ठेवली की मदतीच्या तीन तऱ्हा दिसतात.

पहिली, पैसा आधी : कर्नाटकाचं एलिव्हेट, गुजरातचं बीजभांडवल आणि भत्ता. स्पर्धा कडक असते, पण खिशात काही नसलेला माणूसही टिकू शकतो.

दुसरी, पैसा नंतर : गोवा आणि मध्य प्रदेशातली परतफेड, महाराष्ट्राची पेटंटची रक्कम. कागदावर आकडा मोठा दिसतो, पण आधी खर्च स्वतः करावा लागतो आणि बिलं मंजूर होईपर्यंत थांबावं लागतं. २ लाखांच्या परतफेडीसाठी आधी अडीच लाख हातात हवेत. घरची बाजू भक्कम असलेल्यालाच ही पद्धत परवडते.

तिसरी, पैशाऐवजी सोय किंवा गिऱ्हाईक : तेलंगणाच्या कार्यशाळा, महाराष्ट्राचे कार्यादेश. यात फुकट काही मिळत नाही, पण धंदा शिकायला मिळतो.

सीमेवरच्या माणसाने नोंदणी कुठे करावी?

समजा, बेळगावच्या एका तरुणाने पंपातली गळती ओळखणारं उपकरण बनवलं. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. कंपनी बेळगावात नोंदवली तर एलिव्हेट आणि बियाँड बंगळुरू त्याच्या आवाक्यात येतात. चंदगड तालुक्यातली शिनोळी किंवा हलकर्णी एमआयडीसी तासाभराच्या आत आहे. तिथे नोंदणी आणि काम दोन्ही नेलं तर महाराष्ट्राची सोसायटी, कार्यादेश आणि औद्योगिक प्रोत्साहन योजना खुल्या होतात.

दोन्हीकडचे फायदे एकाच कंपनीला घेता येतील असं कुणी सांगत असेल, तर विश्वास ठेवू नये. नुसता पत्ता शिनोळीचा आणि मशीन उद्यमबागेत, हाही मार्ग धोक्याचा. तपासणीत काम कुठे चालतं ते पाहतात, आणि अनुदान परत करण्याची वेळ येऊ शकते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नोंदणीकृत कार्यालय हलवायचं तर कंपनी कायद्यानुसार विशेष ठराव, जाहीर सूचना आणि केंद्राच्या प्रादेशिक संचालकांची मंजुरी लागते. खर्च होतो आणि काही महिने जातात. जीएसटी नोंदणी तर प्रत्येक राज्यात वेगळीच घ्यावी लागते.

म्हणून आपुलकी कुठे आहे हे बाजूला ठेवून गिऱ्हाईक, कामगार आणि पहिल्या वर्षाचा पैसा कुठून येणार, याचा हिशेब आधी मांडावा. बेळगावच्या फाउंड्र्याच गिऱ्हाईक असतील, तर बेळगावात राहून एलिव्हेटला अर्ज करणं शहाणपणाचं. गिऱ्हाईक महाराष्ट्रातल्या नगरपालिका किंवा पाणीपुरवठा योजना असतील, तर शिनोळीचा विचार जरूर करावा.

अर्जाआधी एवढं करा

• धंद्याचं स्वरूप ठरवा. स्टार्टअप योजना हवी असेल तर कंपनी किंवा एलएलपी करा. नाहीतर उद्यम नोंदणी करून लघुउद्योगाच्या योजना पाहा.

• आधी डीपीआयआयटीची मान्यता घ्या. बहुतेक राज्यांच्या योजनांत ती मागितली जाते आणि तिचा अर्ज ऑनलाइन, विनाशुल्क असतो. ती ‘मिळवून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाची गरज नाही.

• उपकरण प्रदर्शनात मांडण्याआधी किंवा व्हॉट्सअॅपवर फिरवण्याआधी पेटंटचा प्राथमिक अर्ज दाखल करा. आधी जगजाहीर झालेल्या गोष्टीवर पेटंट मिळणं अवघड होतं.

• परतफेडीच्या योजनेत पहिल्या दिवसापासून बिलं कंपनीच्या नावावर घ्या आणि पैसे कंपनीच्या खात्यातून द्या. रोखीने दिलेलं भाडं कुणी परत देत नाही.

• धोरणाची मुदत तपासा. ही धोरणं साधारण पाच वर्षांची असतात. जुन्या धोरणातला आकडा नव्यात तसाच असेल असं धरून चालू नका.

• जवळचं इन्क्युबेशन सेंटर प्रत्यक्ष जाऊन बघा. गेल्या वर्षी किती जणांना पैसे मिळाले आणि त्यातले किती धंदे आज चालू आहेत, हे दोन प्रश्न तिथे विचारा.

राज्यांच्या सीमा १९५६ मध्ये आखल्या गेल्या आणि त्यांचा वाद आजही न्यायालयात आहे. उद्योगाच्या अर्जावर मात्र एकाच राज्याचं नाव लिहायला जागा असते. ते नाव विचार करून लिहा. बाकीच्या पाच राज्यांतले नातेवाईक आणि ओळखीचे लोक गिऱ्हाईक म्हणून उपयोगी पडतातच.